‘किलो’ नको, ‘अंश’ सांगा!

एप्रिलमधला रविवार होता. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी ओट्यापाशी वरणाला फोडणी घालत होते आणि बाथरूममधून ‘फट्’ असा आवाज आला. मी आधी कुकरकडेच पाहिलं. तेवढ्यात सासूबाईंची किंकाळी ऐकू आली.

धावत गेले तर भिंतीतला गरम पाण्याचा एल्बो निखळून खाली पडलेला आणि त्या भोकातून कढत पाण्याची धार सरळ समोर येत होती. नशीब एवढंच, की सासूबाई अजून स्टुलावर बसल्या नव्हत्या. दाराशी उभ्या राहून पदर खोचत होत्या. दोन मिनिटं उशीर झाला असता तर ती सगळी धार त्यांच्या पाठीवर आली असती. तरी फरशीवरून उसळलेलं पाणी उजव्या पावलावर आलंच. मुलगा स्लॅबवर धावला आणि त्यानं सोलरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. मी त्यांना अंगणात बसवून पायावर साधं गार पाणी ओतत राहिले. शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या, कुणी टूथपेस्ट सुचवली. मी मात्र वीसेक मिनिटं पाणीच ओतलं. डॉक्टर नंतर म्हणाले, ‘हेच बरं केलंत. बाकी काही लावलं असतं तर मला आधी तेच काढावं लागलं असतं.’

फोड पंधरा दिवसांत बरे झाले. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईच्या मनात जी धास्ती बसली, ती काही जाईना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायला लावला. म्हणाल्या, ‘माह्या बंबानं पन्नास वर्षांत कोणाले भाजलं नाही बाई. तुमचं हे सोलर ठेवा तुमच्यापाशीच.’

मला उत्तर देता आलं नाही. कारण सोलरचा हट्ट माझाच होता.

बंब गेला, सोलर आलं

आमचं वरोरा तसं उन्हाचं गाव. मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढं जातो, तेव्हा गरम पाण्याचं नावही नको वाटतं. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. घरात म्हातारं माणूस असलं, बाळंतीण असली, की गरम पाणी बाराही महिने लागतं. पूर्वी ते बंबावर तापायचं. बंबाला इंधन लागायचं आणि ते आणायचं कुणी? बाईनंच. जंगलाकाठच्या गावांतल्या बायका आजही सरपणाला जातात आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्याची बातमी वाचली की त्यात पुष्कळदा सरपणाला नाहीतर तेंदूपत्त्याला गेलेली एखादी बाईच असते. आमच्याकडे मोळी विकायला येणारी बाई एक दिवस म्हणाली, ‘ताई, आता नाही जात मी तिकडं.’ त्याच दिवशी मी ठरवलं की, बंब बंद.

इलेक्ट्रिक गीझर होता, पण त्याचं बिल पाहून यजमानांचा चेहरा उतरायचा. म्हणून २०२१ च्या दिवाळीत आम्ही २०० लिटरचं सोलर घेतलं. काचेच्या नळ्यांचं. चार कंपन्यांची माहितीपत्रकं मी स्वतः वाचली. टाकीला आतून काय लावलंय, नळ्या किती, गॅरंटी किती वर्षांची, सगळं विचारलं. फक्त एकच गोष्ट विचारली नाही. टाकीतलं पाणी खाली बाथरूमपर्यंत कशातून येणार?

ते काय विचारायचं! पाइप तर पाइप. फिटर पांढरे पाइप घेऊन आला. मी सहज म्हटलं, ‘दादा, गरम पाण्याला हे चालतील ना?’ तो म्हणाला, ‘ताई, दहा किलोचा पाइप हाय. काही होत नाही. सगळे हेच लावते.’ दहा किलो म्हणजे पुष्कळच झालं, असं वाटून मी चहा टाकायला आत गेले.

फेब्रुवारीपासून स्लॅबवरचा तो पाइप दोन आधारांच्या मध्ये झोळीसारखा लोंबायला लागला होता. कपडे वाळत घालताना मी तो रोज पाहत होते. वाकडा बसवला असेल, एवढंच मनात आलं. पाइप मऊ पडून राहिलाय, हे मला कळलंच नाही.

गॅरंटीचं कार्ड काढून पाहिलं. टाकीला गॅरंटी होती, नळ्यांना होती, पाइपला नव्हती. मैत्रिणींनो, तुमच्याही कार्डावर एकदा नजर टाका.

भाचीच्या फरशीखाली नळ

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा जर्मनीहून फोन आला. ती आणि तिचा नवरा तिकडं घर बांधत होते. आजीचं ऐकून तीही हळहळली. मग म्हणाली, ‘मावशी, आमच्या तर अख्ख्या घराच्या फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत. मी त्यावरच चालणार आहे.’

मला आधी ते खरंच वाटेना. मग तिनं समजावून सांगितलं. तिकडं बर्फ पडतो, घर सहा-सहा महिने गरम ठेवावं लागतं. त्यासाठी फरशी घालायच्या आधी जमिनीवर बोटाएवढ्या जाडीचा, साधारण १६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा पाइप नागमोडी अंथरतात. त्यातून तीस-चाळीस अंशांचं कोमट पाणी सतत फिरत राहतं आणि फरशीच उबदार होते. एकेक वेटोळं शंभर मीटरपर्यंतचं असतं आणि फरशीखाली त्याला एकही जोड ठेवत नाहीत. सगळे जोड एका पेटीत, उघडून पाहता येतील असे.

‘आणि तो पाइपही साधा नसतो,’ ती म्हणाली. ‘तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं ना, मग प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन आत झिरपला तर पंपाचं, बॉयलरचं लोखंड जंगतं. म्हणून त्या पाइपला ऑक्सिजन अडवणारा एक पातळ थर लावलेला असतो. मावशी, इथं आम्ही टाइल निवडायला एक दिवस घेतला आणि पाइप निवडायला तीन आठवडे. टाइल उद्या बदलता येते. खालचा पाइप बदलायचा तर अख्खं घर उकरावं लागतं.’

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. आपल्याला फरशी तापवायची गरज नाही. सूर्यदेव ते काम फुकट करतो! आपल्या सोलरमध्ये रोज नवं पाणी येतं, त्यामुळं तो ऑक्सिजनचा थरही आपल्याला नको. पण तिचं शेवटचं वाक्य मात्र माझ्या बाथरूमच्या भिंतीलाही लागू होतं. मी नळ चकचकीत निवडले होते. भिंतीआडचा पाइप कुणा दुसऱ्यावर सोडला होता.

‘साहेबांना पाठवून द्या ना!’

यजमान म्हणाले, ‘सोलर विकून टाकू.’ धाकटे दीर म्हणाले, ‘शेतातल्या पाइपलाइनचे पाइप उरले आहेत, चांगले जाड आहेत, तेच लावू.’ मी म्हटलं, या वेळी मी बघते.

हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या भाऊंनी माझं अर्धंच ऐकलं. ‘ताई, साहेबांना पाठवून द्या ना, मी त्यांना समजावून देतो.’ मी म्हटलं, ‘साहेबांचं बाथरूम पाच मिनिटांचं असतं भाऊ. धुणं, भांडी, म्हाताऱ्यांची अंघोळ, सगळं गरम पाणी मी वापरते. मलाच समजावा.’ भाऊ हसले आणि त्यांनी तोच पांढरा पाइप पुढं केला. ‘हा घ्या, दहा किलोचा.’

या वेळी मी चहा टाकायला जाणार नव्हते. विचारलं, ‘दहा किलो, पण किती अंशांना?’

भाऊ गप्प झाले. मग आतून त्यांचे वयस्कर काका आले आणि त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्या दिवशी वहीत उतरवून घेतलं.

पाइपवर जो ‘किलो’ लिहिलेला असतो, तो पाण्याचा दाब. पण तो दाब २७ अंश तापमानाला मोजलेला असतो, म्हणजे गार पाण्याला. आणि खरं सांगायचं तर आपल्या घरात दाब असतोच किती? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक किलो. आपली टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर. म्हणजे तीन दशांश किलो! दहा किलोचा पाइप काय, दोन किलोचासुद्धा पुरेल. आपल्या पाइपचा शत्रू दाब नाहीच, ताप आहे. साधा पीव्हीसी पाइप साधारण ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. त्याच्या पुढं तो मऊ पडत जातो. विदर्भातल्या उन्हात सोलरच्या टाकीत पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर सहज जातं आणि दोन दिवस वापरलं नाही तर उकळीच्या जवळही पोचतं. मग तो पाइप रोज दुपारी ताणतो, रोज पहाटे आखडतो आणि एक दिवस जोड सोडतो.

दिरांचा शेतातला पाइप जाड होता, पण होता पीव्हीसीच. जाडी वाढली म्हणून प्लास्टिकचा स्वभाव बदलत नाही. ते बिचारे पाइप परत गोठ्यात गेले.

मग घ्यायचा कोणता?

काकांनी पाच प्रकार दाखवले. प्रत्येकाचे गुण-दोष सांगितले.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप. आपल्या आईच्या घरी हाच होता. उष्णतेला अजिबात भीत नाही, उन्हाला भीत नाही. पण गरम पाण्यात जस्ताचा थर लवकर जातो, मग आतून जंग चढतो. त्यात आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार बसले की काही वर्षांत पाइपचं भोक पेन्सिलीएवढं उरतं. घ्यायचाच तर त्यावरचा पट्टा पाहावा. पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल जाड.

तांबं. सगळ्यात देखणं, टिकाऊ आणि सगळ्यात महाग. गच्चीवरून चोरीला जायची धास्ती वेगळी! शिवाय तांबं आणि जीआय थेट एकमेकांना जोडलं तर जीआय लवकर खराब होतं. मध्ये पितळी फिटिंग लागतं.

पीपीआर, तो जाड हिरवा पाइप. याला सोल्युशन लागत नाही. मशीननं दोन्ही टोकं २६० अंशांना तापवून एकात एक बसवतात, पाइप आणि फिटिंग एकजीव होतात. जोड उत्तम. पण तापल्यावर हा फार लांबतो आणि दुरुस्तीला मशीनवालाच लागतो. तो गावात लगेच मिळेल का, हे आधी विचारायचं.

कॉम्पोझिट, म्हणजे आत-बाहेर प्लास्टिक आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. हातानं वाकवता येतो, त्यामुळं जोड कमी. मात्र यात गार पाण्याचा वेगळा आणि गरम पाण्याचा वेगळा असतो, ते पाहून घ्यावं. फिटिंगही त्याचंच लागतं, दुसरं चालत नाही.

सीपीव्हीसी, तो फिकट पिवळसर, सायीच्या रंगाचा पाइप. नावात पीव्हीसी असलं तरी जात वेगळी. त्यात जास्तीचं क्लोरीन असल्यामुळं तो ताप सहन करतो. ८२ अंशांना दाब सहन करण्याची त्याची क्षमता ठरवून दिलेली असते आणि ९३ अंश ही त्याची वरची मर्यादा. जंगत नाही, क्षार कमी धरतो, सोल्युशननं जोडतात, त्यामुळं गावातला कुठलाही प्लंबर लावू शकतो.

मी सीपीव्हीसी घेतला. पांढऱ्या पाइपच्या मानानं मला अडीच हजार रुपये जास्त पडले. बाथरूमची भिंत फोडून टाइल पुन्हा लावायला जो खर्च आला, तो याच्या कितीतरी पट होता. दवाखान्याचा वेगळाच.

विकत घेताना पाइपवरचं छापील वाचायचं. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीवर ‘आयएस १५७७८’ असतं, पीपीआरवर ‘आयएस १५८०१’, कॉम्पोझिटवर ‘आयएस १५४५०’. ‘आयएस ४९८५’ दिसलं तर तो पीव्हीसी, फक्त गार पाण्याचा. सीपीव्हीसीवर ‘एसडीआर ११’ किंवा ‘एसडीआर १३.५’ असंही लिहिलेलं असतं. यात आकडा लहान तेवढा पाइप जाड. मी गरम पाण्याला ११ चा घेतला. आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा लायसन्सचा नंबर असतो. तो मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं. मी दुकानात उभ्या उभ्याच टाकून पाहिला. भाऊ आता माझ्याकडं जरा आदरानं बघत होते!

जाड पाइप म्हणजे चांगला?

आपल्याला वाटतं, मोठा पाइप घेतला की धार मोठी येईल. मीही एक इंची मागत होते. काकांनी विचारलं, ‘टाकीपासून नळापर्यंत लांबी किती?’ मी घरून सुतळीनं मोजून नेली होती. पंधरा मीटर.

आता हा हिशेब बघा. सकाळी नळ उघडला की आधी पाइपमध्ये रात्रभर थांबलेलं गार पाणी येतं. ते संपल्यावर गरम पाणी. पंधरा मीटरच्या एक इंची पाइपमध्ये जवळजवळ सव्वासहा लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीमध्ये पावणेचार, अर्ध्या इंचीमध्ये दोन लिटरहून कमी. घरातल्या चौघांच्या अंघोळी वेगवेगळ्या वेळी झाल्या तर एक इंची पाइप पाऊण इंचीपेक्षा रोज दहा लिटर जास्त पाणी मोरीत घालवणार. उन्हाळ्यात आपण पाण्यासाठी किती जीव टाकतो, ते काय सांगायचं! आणि अर्धा इंची घेतला तर आपल्या एवढ्याशा दाबाला धार करंगळीसारखी. म्हणून मधला मार्ग. टाकीपासून बाथरूमपर्यंत पाऊण इंची आणि नळाजवळ शेवटच्या हातभर लांबीला अर्धा इंची. सुरुवातीचं गार पाणी मी बादलीत धरते, फरशी पुसायला होतं.

स्लॅबवरच्या पाइपला काळ्या फोमची नळी चढवून घ्यावी. पाणी लवकर निवत नाही. सीपीव्हीसीला ऊन बाधतं, त्यामुळं तोही झाकला जातो. जिथं पाइप उघडा राहील तिथं पाण्यात मिसळणारा रंग द्यायचा, ऑइलपेंट नाही.

खरी मेख जोडात

पाइप भर मध्यात सहसा फुटत नाही. दगा देतो तो जोड. माझाही एल्बोच निखळला होता.

आमच्या ओळखीतले एक जुने प्लंबर काका या कामाला आले. त्यांनी पहिलं काम केलं, ते म्हणजे टाकीतून निघणारा पहिला दीड मीटर पाइप जीआयचा घेतला. ‘वहिनी, टाकीच्या तोंडाशी पाणी सगळ्यात कढत. तिथं लोखंडच पाहिजे. पुढं मग सीपीव्हीसी.’ लोखंड आणि सीपीव्हीसी जिथं भेटतात तिथं त्यांनी पितळी आट्यांचं फिटिंग वापरलं. प्लास्टिकच्या आट्या लोखंडात आवळल्या की चिरतात. टाकीजवळ युनियन बसवलं, म्हणजे उद्या टाकी साफ करायची झाली तर पाइप कापावा लागणार नाही.

सोल्युशनचा डबा मी स्वतः वाचला. पीव्हीसीचं सोल्युशन वेगळं, सीपीव्हीसीचं वेगळं. पाइप चांगला आणून जोड स्वस्तातल्या सोल्युशननं केला तर सगळंच मुसळ केरात! फिटिंगही सीपीव्हीसीचंच हवं. जोडल्यावर काकांनी एक पूर्ण दिवस गरम पाणी सोडू दिलं नाही.

पाइप तापला की लांबतो, हेही तेव्हाच कळलं. पाणी ५० अंशांनी तापलं तर दहा मीटरचा लोखंडी पाइप सहा मिलिमीटर लांबतो, सीपीव्हीसी तीन सेंटिमीटर आणि पीपीआर चक्क सात-साडेसात सेंटिमीटर. म्हणून क्लॅम्प आवळून टाकायचे नाहीत, पाइपला सरकायला जागा ठेवायची. लांब सरळ ओळीत एखादं ‘यू’सारखं वळण द्यायचं. सासूबाई हे ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे पापडासारखंच झालं. फुलायला जागा पाहिजे.’ अगदी तसंच!

टाकीवर एक उघडा उभा पाइप असतो, वाफ आणि हवा जाण्यासाठी. त्यातून कधी थेंब पडतात म्हणून कुणी त्याला बूच मारतं. असं कधीही करू नका. तो बंद झाला की टाकीचा कोंडलेला कुकर होतो. आणि गरम-गार दोन्ही पाणी एकाच वरच्या टाकीतून घ्या. गारला पंपाचा जोर आणि गरमला नुसती उंची असं झालं, तर मिक्सरमध्ये गार पाणी गरमच्या पाइपात शिरतं आणि अंगावर मध्येच कढत, मध्येच गार येतं.

भिंत बंद करायच्या आधी

भाचीनं सांगितलेली एक गोष्ट मी मुद्दाम केली. तिच्या घरी फरशी घालायच्या आधी सगळ्या पाइपांत पाणी भरून, रोजच्यापेक्षा जास्त दाब देऊन तपासलं होतं. काटा हलला नाही, तेव्हाच वर सिमेंट पडलं. मी काकांना म्हटलं, ‘आपणही तसंच करू.’ गवंडी म्हणाला, ‘बाई, माझा रोज बुडते.’ मी म्हटलं, ‘एक दिवसाचा रोज मी देते, पण भिंत आज बंद होणार नाही.’

काकांनी हातपंप आणि काटा आणला. पाइपची सगळी टोकं बंद करून पाणी भरलं, दाब दिला. आम्ही दोन तास त्या काट्याकडं बघत बसलो. पहिल्या अर्ध्या तासात काटा हळूच खाली आला! एका टी-ला बारीक पाझर होता, डोळ्यांना दिसतही नव्हता. तो कापून नवा बसवला, पुन्हा एक दिवस थांबलो, पुन्हा काटा लावला. या वेळी तो जागचा हलला नाही. मग दिवसभर गरम पाणी सोडून पाहिलं आणि त्यानंतर भिंत बंद केली. गवंड्याचे दोन रोज गेले. पण तो पाझर भिंतीत राहिला असता तर?

भिंत बंद करण्याआधी मी टेप लावून फोटो काढले. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. उद्या कुणी भिंतीत खिळा ठोकायला आला तर आधी फोटो दाखवते.

जुनी साडी कामी आली

गरम पाण्याला हलक्यात घेऊ नये, हे मी आता शिकले आहे. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या अंगावर पाचेक सेकंद राहिलं तरी खोलवर भाजतं. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांची कातडी नाजूक, त्यांना एवढाही वेळ लागत नाही. म्हणून आमच्या घरी नियम आहे की, बादलीत आधी गार, मग गरम. आणि एप्रिल लागला की सोलरच्या अर्ध्या नळ्यांवर माझी एक जुनी सुती साडी पांघरते. पाणी उकळत नाही, पाइपलाही त्रास नाही. बाहेरगावी जाताना तर सगळ्याच नळ्या झाकते. नळ्या रिकाम्या पडून तापल्या असतील तर दुपारी त्यात गार पाणी सोडायचं नाही, काच तडकते. पहाटे सोडायचं.

२०२२ च्या जूनमध्ये हे काम झालं. त्यानंतरचे उन्हाळे त्या पाइपनं पाहिले, स्लॅबवर तो अजून सरळ आहे. कपडे वाळत घालताना मी रोज त्याच्याकडं एक नजर टाकते. आता त्याची भाषा मला कळते.

आणि सासूबाई? वर्षभर त्यांनी बंबावरच अंघोळ केली. आम्ही कुणी आग्रह केला नाही. मग एका जानेवारीच्या सकाळी सरपण ओलं निघालं, धुरानं डोळे चुरचुरले. त्या बाथरूमच्या दाराशी आल्या. भिंतीला हात लावून पाहिला. म्हणाल्या, ‘इथंच ना गं तो काटा लावला होता? दोन दिवस भिंत बंद करू दिली नाही तू?’ मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी बादलीत आधी गार पाणी घेतलं, मग गरम, मग कोपर बुडवून पाहिलं, अगदी नातवाच्या अंघोळीचं पाहायच्या तसं. आणि आतून कडी लावली.

बंब आता परत माळ्यावर आहे. चिंच-मिठानं घासून ठेवला आहे, इतकंच.

दुकानात जाण्याआधी

• ‘किती किलोचा?’ असं नाही, ‘किती अंशांचा?’ असं विचारा.
• पाइपवरचा आयएस नंबर आणि आयएसआय चिन्ह स्वतः वाचा.
• टाकीपासून नळापर्यंतची लांबी सुतळीनं मोजून न्या.
• पाइप ज्या जातीचा, फिटिंग आणि सोल्युशन त्याच जातीचं.
• धातूला जोडताना पितळी आट्यांचं फिटिंग. टाकीच्या तोंडाशी धातूचा पाइप.
• हवेचा उघडा पाइप कधीही बंद करू नका.
• दाब देऊन तपासल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नका.
• पाइप लोंबलेला, वाकलेला दिसला तर त्याच दिवशी प्लंबरला बोलवा.
• आणि कुणी ‘साहेबांना पाठवा’ म्हटलं, तर तिथंच उभ्या राहा!